लेलँड ते लेअर्ग: गुरांच्या जुन्या लॉऱ्यांच्या वाटेने पाच दिवस

दिवस पहिला: लेलँड ते शॅप

सुरुवात लँकेशरमधल्या लेलँड गावापासून. १८९६ मध्ये इथे लँकेशर स्टीम मोटर कंपनी उभी राहिली आणि पुढे ती लेलँड मोटर्स झाली. कारखान्याच्या जुन्या जागेत आता ब्रिटिश कमर्शियल व्हेइकल म्युझियम आहे. गुरांच्या गाड्यांची माहिती हवी असेल तर इथे रंगरंगोटी बघत बसू नये. वाकून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघावी. त्या धंद्याचं बरंचसं गणित चासीच्या वजनात होतं.

कारण असं. १९५७ पर्यंत ब्रिटनमध्ये ज्या मालमोटारीचं रिकामं वजन ३ टनांपेक्षा जास्त, तिला ताशी २० मैलांची मर्यादा होती. वजन ३ टनांच्या आत असेल तर ताशी ३० मैल. कोळशाला त्याने फरक पडत नाही, मेंढीला पडतो. उभ्याने प्रवास करणाऱ्या जनावराचं वजन तासागणिक उतरतं आणि बाजारात ते वजनावर किंवा अंगलटीवर विकलं जातं. म्हणून घरच्या घरी दोन-चार गाड्या चालवणारी कुटुंबं बेडफर्डसारखी हलकी चासी घ्यायची आणि वरचा हौदाही हलका बांधून घ्यायची. बेडफर्डचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचं पी-६ बसवणं ही नेहमीची गोष्ट होती: ६ सिलिंडर, ४.७ लिटर, साधारण ८३ अश्वशक्ती. ताकद बेताची, पण डिझेलच्या खर्चात वर्षअखेर जमाखर्च जुळायचा. ज्यांना लांबचा पल्ला मारायचा त्यांचा जीव गार्डनर इंजिनावर. ते जड आणि सावकाश, पण इंधन पुरवून पुरवून वापरणारं. आणि १९५४ पासून कॉमरच्या गाड्यांत टीएस-३ आलं: ३ सिलिंडर, ६ पिस्टन, एकेका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन. टू-स्ट्रोक डिझेल असल्याने त्याचा आवाज वेगळाच, कडकडता. गाडी दिसायच्या आधी दोन वळणं ती कोणाची ते गावाला कळायचं.

हौद्याकडे मात्र सावकाश बघायला हवं. जुन्या गाड्यांवर गुरांचा हौदा कायमचा नसायचा. चासीवर सपाट फळी, आणि तिच्यावर बसवलेली एक मोठी लाकडी पेटी, साखळ्यांनी आणि टर्नबकलने (साखळी ताणायच्या पेचाने) आवळलेली. बाजाराच्या दिवशी गुरं, उरलेल्या दिवशी पेटी उतरवून गवताच्या गासड्या, चुना, खत, बीट. पेटी उतरवायची ती अंगणातल्या तुळईला टांगलेल्या चेनब्लॉकने, म्हणजे साखळीच्या कप्पीने. तो नसेल तर चार कोपऱ्यांना जॅक लावायचे, खाली तेलाची रिकामी पिंपं सरकवायची आणि गाडी पुढे काढून घ्यायची. बसवताना चूक व्हायची ती आवळण्यात. लाकूड दबतं, साखळी सैल पडते, आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला अख्खी पेटी जनावरांसकट केबिनच्या पाठीवर येते. म्हणून पहिल्या दहाएक मैलांनंतर उतरून टर्नबकल पुन्हा आवळायचे, हा नियम.

पेटीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. ते लवचिक असतं, हादरे सोसतं. पण त्याचा शत्रू म्हणजे मूत. खांब जिथे खालच्या आडव्या तुळईत बसतो, त्या खाचेत मूत मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. वरचा रंग मात्र शाबूत. जुनी पेटी तपासायची तर स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून प्रत्येक खाचेत टोचून बघावं. जिथे टोक लोण्यात गेल्यासारखं जाईल तिथला खांब गेला. तळाच्या फळ्यांमधून झिरपलेलं पाणी चासीवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि वायरिंगवर पडतं. गुरांच्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या इतर गाड्यांपेक्षा लवकर गंजतात त्या यामुळे.

पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या एकात एक अडकणाऱ्या पट्ट्यांचे हौदे आले. हलके, धुवायला सोपे. त्यांचंही दुखणं आहेच. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली की समजावं. दोघांच्या मध्ये रंगाचा जाड थर किंवा पट्टी घालायला हवी, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते.

दुपारी जुन्या ए-६ रस्त्याने केंडलवरून शॅपचा चढ. एम-६ महामार्गाचा इथला भाग १९७० मध्ये खुला झाला. तोवर इंग्लंडच्या पश्चिम अंगाने स्कॉटलंडला जाणारी सगळी जड वाहतूक याच रस्त्याने, साधारण १,४०० फुटांवरून जायची. माथ्याजवळ एक दगडी स्मारक आहे: या अवघड वाटेवर गाड्या चालवणाऱ्यांचं, रस्ता राखणाऱ्यांचं, आणि बर्फात अडकलेल्यांना अन्न-निवारा देणाऱ्या इथल्या लोकांचं. ट्रकचालकांसाठी असं स्मारक क्वचितच बघायला मिळतं. तिथे थांबावंच. या चढावरचं जंगल कॅफे हे त्या काळच्या ड्रायव्हरांचं ठरलेलं ठिकाण होतं.

बर्फात अडकलेल्या गुरांच्या गाडीत थंडीपेक्षा धोका मोठा तो कोंदटपणाचा. पन्नास मेंढ्या म्हणजे चांगली धगधगती शेगडीच. ड्रायव्हर दया येऊन हौद्याच्या बाजूच्या हवेच्या झडपा लावून घेतो, आतलं बाष्प छताला लागून थेंब थेंब अंगावर पडतं, लोकर भिजते, आणि मग खरी थंडी भरते. झडपा वाऱ्याच्या बाजूच्या लावाव्यात, दुसऱ्या बाजूच्या उघड्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात उलट: गाडीत हवा खेळते ती गाडी चालते म्हणून. थांबायचंच असेल तर गाडी वाऱ्याला आडवी लावावी.

दिवस दुसरा: लाँगटाउन

शॅपवरून पेनरिथ, कार्लाइल आणि तिथून ९ मैलांवर लाँगटाउन. एस्क नदीकाठचं हे छोटं गाव. स्कॉटलंडची हद्द हाकेच्या अंतरावर. इथला मेंढीबाजार इंग्लंडातल्या मोठ्यांपैकी एक. बाजार बघायचा तर लिलावाच्या कड्याभोवती गर्दी असते तिथे नंतर जावं. आधी मागच्या बाजूला, गाड्या लागतात त्या धक्क्यावर उभं राहावं.

चढवणं-उतरवणं हेच या धंद्यातलं खरं कौशल्य. गाडीचा मागचा फाळका खाली येतो आणि त्याचाच उतार होतो. आजच्या नियमाप्रमाणे मेंढ्या आणि मोठ्या गुरांसाठी हा उतार २६ अंश ३४ मिनिटांपेक्षा जास्त नको, म्हणजे जमिनीवरच्या दोन फूट आडव्या अंतराला एक फूट चढ. डुकरं, वासरं आणि घोड्यांसाठी २० अंश. हौद्याचा तळ जमिनीपासून ४ फूट असेल तर मेंढ्यांसाठी फाळका किमान ९ फूट लांब हवा. जुन्या गाड्यांचे फाळके बरेचदा आखूड. त्यावर उपाय म्हणजे गाडीची मागची चाकं खोलगट जागेत उतरवायची, किंवा मातीच्या बांधाला पाठ लावायची. डोंगराळ भागातल्या शेतांवर असे गवत उगवलेले बांध अजून दिसतात. कशासाठी ते नव्या माणसाला कळत नाही.

फाळक्याची बिजागरी नीट बघावी. फाळका आणि तळ यांच्यामध्ये बोटभर फट असतेच. झिजली की चार बोटं होते. मेंढीचा पाय त्यात गेला आणि मागून रेटा आला की नळी मोडलीच. जुने लोक तिथे कन्व्हेयर पट्ट्याचा रबरी तुकडा ठोकायचे. पाच मिनिटांचं काम. फाळक्यावरच्या आडव्या लाकडी पट्ट्यांचे बोल्ट वर आलेत का, तेही हात फिरवूनच कळतं, डोळ्यांनी नाही.

जनावर चढत का नाही, याचं कारण बहुधा जनावराच्या समोर असतं, मागे नसतं. उजेडातून एकदम अंधारात जायचं म्हटलं की मेंढी थबकते. फाळक्यावर पडलेली सावली, वाऱ्याने फडफडणारा कोट, गटाराची जाळी, पाण्याचं डबकं, यातलं एक पुरे. मागून काठ्या आपटण्यापेक्षा पुढे जाऊन बघावं आणि ते काढावं. एक मेंढी शांतपणे आत गेली की बाकीच्या तिच्या मागे लागतात. तिला आत घेऊन एक माणूस उभा राहिला तर अर्धं काम झालं.

दोन मजली गाडीत वरचा मजला आधी भरतात, कारण वर जायचा आतला उतार खालच्या मजल्यातच उभा असतो. उतरवताना उलट: खालचा आधी. पण माल अर्धाच असेल तर तो खालीच ठेवायचा. वरचा मजला भरलेला आणि खालचा रिकामा अशी गाडी वळणावर झुकते. जुन्या गाड्यांत वरचा मजला म्हणजे सुट्या फळ्यांचे तुकडे, भिंतीतल्या खुंट्यांवर टेकवलेले. गुरं न्यायची तेव्हा ते काढून भिंतीला उभे बांधायचे. एखादी खुंटी नीट न बसता वरचा मजला भरला, तर खालच्या मेंढ्यांवर काय कोसळेल ते सांगायला नको. प्रत्येक तुकड्यावर स्वतः उभं राहून, टाचेने दाबून बघितल्याशिवाय वर जनावर चढवू नये.

आतल्या आडव्या फाटकांनी हौद्याचे कप्पे होतात. एकच लांब हौदा ठेवला तर ब्रेक लागताच सगळा कळप पुढच्या भिंतीवर जातो. गुरं फार सैल भरली तर धडपडतात, फार दाटून भरली तर खाली बसलेलं जनावर पुन्हा उठू शकत नाही आणि बाकीची त्याच्यावर उभी राहतात. साडेपाचशे किलोच्या गाई-बैलाला १.३० ते १.६० चौरस मीटर जागा, असा आजचा नियम. अनोळखी कळप एकत्र करू नयेत, शिंगाळी आणि बिनशिंगी वेगळी, वळू एकटा. मेंढीचं दुखणं निराळं: ती उताणी पडली की स्वतःहून पालथी होत नाही, पोटात वायू साठतो आणि थोड्या वेळात मरते. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात अशी एखादी पडली तर रस्त्यावरून दिसतही नाही. म्हणून थांबलं की बाजूच्या झडपांतून टॉर्च मारून पाय दिसतात का तोंडं दिसतात, हे बघायचं. पाय वर दिसले की आत शिरायचं, आणि दोन मजली गाडीत आत शिरणं म्हणजे गुडघ्यांवर रांगणं.

आता धुण्याविषयी, कारण लाँगटाउनला येऊन ते टाळता येत नाही. २० फेब्रुवारी २००१ ला एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात लाळ्या-खुरकूत असल्याचं पक्कं झालं. त्याआधीच नॉर्थम्बरलँडमधून निघालेला विषाणू हेक्सहॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांतल्या मेंढ्यांबरोबर देशभर पोचला होता. २३ तारखेला जनावरांची ने-आण बंद झाली. एकूण २,०२६ ठिकाणी रोग सापडला आणि ६० लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. गाड्यांचा यात दोष एवढाच, की त्या आपलं काम चोख करत होत्या. सकाळी एका परगण्यात असलेली मेंढी रात्री दुसऱ्या टोकाला, मधे दोन व्यापाऱ्यांचे हात. रोग बाहेर दिसायला काही दिवस लागतात आणि मेंढीत तर तो नीट दिसतही नाही. तेव्हापासून बाहेरून जनावर आणलं की त्या शेतावरची पुढची ने-आण काही दिवस थांबवावी लागते: मेंढ्या-गुरांसाठी इंग्लंडमध्ये ६ दिवस, स्कॉटलंडमध्ये १३.

गाडी उतरवल्यापासून २४ तासांत, आणि पुढचं जनावर चढायच्या आत, धुऊन जंतुनाशक मारायचं हा कायदा. क्रम चुकला की मेहनत वाया जाते. आधी कोरडं खरवडणं: पेंढा, लेंड्या, शेण फावड्याने बाहेर, वरच्या मजल्यापासून खाली. मग पाण्याने भिजवून थोडा वेळ सोडायचं. मग जोराच्या पाण्याने धुणं, छत, भिंती, तळ, याच क्रमाने. फाटकांच्या बिजागऱ्या, मजल्याच्या खुंट्यांची भोकं, फाळक्याची खालची बाजू. नंतर चाकं, चाकांवरच्या कमानी, चिखल अडवणारे पडदे. शेवटी जंतुनाशक, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच. केबिनमधला पायाखालचा रबर आणि बूट हे विसरायचे नाहीत. शेणावर जंतुनाशक ओतून उपयोग नसतो. शेणच ते पिऊन टाकतं. धुतल्यावर तळ उताराकडे राहील अशी गाडी लावायची, नाहीतर डबक्यात साचलेलं पाणी जंतुनाशक पातळ करतं आणि थंडीत गोठून सकाळी जनावरांचे पाय घसरवतं.

जुन्या लाकडी पेट्यांना हे धुणं सोसायचं नाही. फळीच्या भेगांतली घाण पाण्याच्या जोराने आणखी आत जाते. लाकूड गेलं त्यामागे हेही एक मोठं कारण.

दिवस तिसरा: हॉइक

लाँगटाउनहून ए-७ ने लँगहोम, मॉसपॉलचा माथा आणि टीव्हियट नदीच्या खोऱ्यात हॉइक, ३५ मैल. रस्ता अरुंद आणि वळणांचा. उंच भरलेली गाडी इथे दुधाची घागर डोक्यावर घेतल्यासारखी चालवावी लागते. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही. जनावर चारही पायांवर तोल सावरतं, पण त्याला पुढचं वळण दिसत नसतं.

हॉइकला १८१७ मध्ये अँड्र्यू ऑलिव्हर यांनी जनावरांचे लिलाव सुरू केले. ब्रिटनमधले हे सगळ्यात जुने मानले जातात. तो बाजार आता नाही, त्या जागी सुपरमार्केट आहे. रेल्वेही नाही: कार्लाइल-हॉइक-एडिनबरो हा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. स्टेशनाजवळ गुरांचे धक्के असायचे, शेतकरी जनावरं चालवत तिथे आणायचे. लॉरी थेट शेताच्या फाटकाशी येऊ लागली आणि ते दोनदा चढवणं-उतरवणं वाचलं. जनावर हाताळण्याची प्रत्येक खेप म्हणजे मार, धडपड आणि वजनात घट. रेल्वे हरली ती इथेच.

लॉरीवाल्यांना मात्र रान मोकळं नव्हतं. १९३३ च्या रोड अँड रेल ट्रॅफिक कायद्याने परवान्यांचे तीन वर्ग केले: भाड्याने दुसऱ्याचा माल वाहणाऱ्यांना ए, स्वतःचा आणि काही अटींवर दुसऱ्याचाही वाहणाऱ्यांना बी, फक्त स्वतःचा वाहणाऱ्यांना सी. नवा परवाना मागायचा तर गरज आहे हे सिद्ध करायचं, आणि त्यावर रेल्वे आणि जुने वाहतूकदार हरकत घेऊ शकत. एका गावात एकाच घराण्याची गाडी पिढ्यान्पिढ्या दिसायची, त्याला हा कायदाही कारण. परवाना हीच इस्टेट होती. १९६८ च्या कायद्याने ती पद्धत मोडली. त्याच सुमाराला जड वाहनांची वार्षिक तपासणीही सुरू झाली आणि अंगणात बांधलेल्या, मोजमाप न झालेल्या कितीतरी गाड्या भंगारात गेल्या.

अशा घरचा कारभार फोनभोवती चालायचा. केबिनच्या वरच्या पाटीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं आडनाव, गावाचं नाव आणि दोन-तीन आकडी फोन नंबर. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी फोन घेणारी बहुधा घरातली बाई. वहीत रकाने: शेताचं नाव, किती, काय, कुठल्या बाजाराला. अमक्या शेताची गल्ली पावसाळ्यात लांब गाडीला चालत नाही, तमक्याचा कुत्रा आवरत नाही, या घरच्या गाई बुजऱ्या आहेत, हे तिला वहीत लिहावं लागत नसे. त्या यादीवरून रात्रीच क्रम ठरायचा. सगळ्यात लांबचं शेत आधी, बाजाराजवळचं शेवटी, म्हणजे कुठल्याच जनावराला उगाच फिरावं लागत नाही. फक्त तिच्या डोक्यातलं हे ज्ञान पुढे कुठल्याही मोठ्या कंपनीला विकत घेता आलं नाही.

संध्याकाळपर्यंत एडिनबरोला वळसा घालून स्टर्लिंग.

दिवस चौथा: ड्रमॉक्टरचा घाट

स्टर्लिंगजवळच फॉलकर्क. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हायलँड्समधली, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गुरं इथल्या जत्रेला चालत यायची, दिवसाला १०-१२ मैल. कडक रस्त्यावर खूर झिजू नयेत म्हणून त्यांना पत्र्या ठोकायचे. खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या. आज जो ए-९ रस्ता पर्थहून इन्व्हरनेसला जातो तो ड्रमॉक्टरच्या खिंडीतून त्याच वाटेने उलटा जातो. अंतर ११२ मैल, माथा १,५०८ फूट. हाकाऱ्यांना ही मजल दहा दिवसांची, लॉरीला एका दिवसाची. पर्थचे वळूंचे प्रसिद्ध लिलाव १८६५ पासूनचे. २००९ मध्ये तेही स्टर्लिंगला हलले.

घाटात लॉरीची खरी परीक्षा उतारावर. मध्यम वजनाच्या जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम सर्व्होचे हायड्रॉलिक ब्रेक. लांब उतारावर पाय दाबून धरला की ड्रम तापतो, तापला की फुगतो, लायनिंगपासून दूर जातो. पेडल खाली खाली जाऊ लागतं. त्यात लायनिंगही तापून पकड सोडतं. वास आला तेव्हा उशीर झालेला असतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जगभरचा नियम गुरांच्या गाडीला जास्तच लागू, कारण तिथे एकदम जोरात ब्रेक मारायची सोय नाही.

बेडफर्ड आणि फोर्डच्या पुष्कळ गाड्यांना मागे ईटनचा दोन वेगांचा अ‍ॅक्सल असायचा. गिअरच्या दांड्यावर एक बटण. ते वर-खाली केलं की अ‍ॅक्सलमधला वेग बदलतो, पण तेव्हाच नाही. अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडला की. चढावर हे सुख होतं, प्रत्येक गिअरचे दोन व्हायचे. उतारावर मात्र वेळ चुकली की अ‍ॅक्सल दोन्हींच्या मध्ये अडकतो. इंजिन मोकळं, चाकं मोकळी, मागे पाच टन मेंढ्या. म्हणून बटण माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच दाबून ठेवायचं आणि खाली पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

चढावर रेडिएटर उकळायचा. हळू चालणारी गाडी, पाठीमागून वारा, म्हणजे पंख्याला मिळते तीच गरम हवा. केबिनमध्ये पाण्याचा डबा असायचाच. उकळल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही आणि गार पाणी एकदम ओतायचं नाही. इंजिन मंद चालू ठेवून थोडं थोडं घालायचं, नाहीतर सिलिंडर हेडला चीर जाते.

ए-९ चा मोठा भाग १९७० च्या दशकापासून नव्याने बांधला. तरी मधे दुभाजक नसलेल्या टप्प्यांवर जड गाड्यांना ताशी ४० मैलांचीच मर्यादा होती. ऑक्टोबर २०१४ पासून ५०. ड्रमॉक्टरनंतर डॅलव्हिनी, मग स्लॉखचा १,३२८ फुटांचा दुसरा माथा, आणि इन्व्हरनेस.

दिवस पाचवा: डिंगवॉलवरून लेअर्ग

आज इन्व्हरनेसहून उत्तरेला निघालं की तीन खाड्यांवर तीन पूल: केसॉक १९८२, क्रॉमर्टी १९७९, डॉर्नॉक फर्थ १९९१. जुन्या गाड्यांच्या काळात यातला एकही नव्हता. ब्यूली, म्यूर ऑफ ऑर्ड, डिंगवॉल असा खाडीला वळसा, मग स्ट्रूईचा डोंगर चढून बोनार ब्रिज. स्ट्रूईचा रस्ता आजही बी-९१७६ म्हणून आहे. वेळ असेल तर याच वाटेने जावं. खाली खाडी पसरलेली दिसते, आणि भरलेली लॉरी इथून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कशी रखडत गेली असेल ते स्टिअरिंग हातात असताना कळतं. वाटेत डिंगवॉलच्या बाजारात जुन्या हाकाऱ्यांचं प्रदर्शन आहे, तेही बघावं.

लेअर्ग शिन सरोवराच्या दक्षिण टोकाला. एरवी निवांत गाव, ऑगस्टमधल्या मेंढीबाजाराला गजबजणारं. एका दिवसात होणारा युरोपातला सगळ्यात मोठा मेंढी-लिलाव अशी त्याची ख्याती. माल मुख्यतः नॉर्थ कंट्री चेव्हियट जातीची कोकरं. माद्या डोंगरावर आपापल्या रानाला सरावलेल्या असतात, त्या तिथेच राहतात. विकायला येतात ती नर कोकरं, जास्तीची मादी कोकरं आणि वय झालेल्या मेंढ्या. इथे कुरण आहे पण त्यांना पुष्ट करायला चारा नाही, म्हणून खरेदीदार दक्षिणेचे. या एका गोष्टीवर उत्तरेतल्या लॉऱ्यांचं वर्ष उभं असायचं.

सदरलँडच्या किनाऱ्यावरून, डर्नेस, टंग, स्कौरीकडून, माल गोळा करायचं काम छोट्या गाड्यांचं. रस्ते एकेरी, समोरची गाडी आली की जागोजागी केलेल्या रुंद खिशांत थांबायचं. एका क्रॉफ्टवर, म्हणजे छोट्या शेतावर, २० कोकरं, पुढच्यावर ३५, त्यापुढे १२. सगळी पांढरी, सगळी सारखी. प्रत्येकाची वेगळी ठेवायची तर कप्पे पुरायला हवेत. पुरले नाहीत तर रंगाचा पट्टा: कुणाचा निळा मानेवर, कुणाचा लाल कमरेवर. रंग ओल्या लोकरीवर लागत नाही आणि किनाऱ्यावर पाऊस तर रोजचा. म्हणून कोकरं आदल्या रात्री आडोशाला घ्यायला क्रॉफ्टवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागे. आज कानातले बिल्ले यंत्र वाचतं. तरी कप्प्यांचं गणित चुकलं की धक्क्यावर तासभर निवड करत बसावं लागतंच.

बाजार संपल्यावर मोठ्या गाड्या लागतात. चार मजली ट्रेलरचा एक मजला आतून साधारण ३२ चौरस मीटर; चार मिळून १२८. न कातरलेल्या, ५५ किलोच्या आतल्या कोकराला आजच्या नियमाने ०.३० ते ०.४० चौरस मीटर जागा. म्हणजे एका खेपेत ३२० ते ४२५ कोकरं. २० फूट लांब, साडेसात फूट रुंद जुन्या दोन मजली पेटीला तोच हिशेब लावला तर ७० ते ९०. जुन्या चार-पाच लॉऱ्या, चार-पाच ड्रायव्हर, एका ट्रेलरमध्ये मावले.

आणि वेळ. लेअर्ग ते लाँगटाउन सुमारे ३०० मैल. ताशी २० मैलांच्या काळात नुसतं चालवणंच १५ तासांचं, आणि १९३० च्या कायद्याने ड्रायव्हरला दिवसात ११ तासच चालवायची मुभा. त्यामुळे एक तर दोन ड्रायव्हर, नाहीतर माल रेल्वेने. लेअर्गला स्टेशन आहे ते उगाच नाही. १९५७ मध्ये मर्यादा ३० झाली, १५ चे १० तास झाले, आणि एका माणसाला एका दिवसात दक्षिण गाठणं कागदावर तरी शक्य झालं. आज सहा-सात तास. आठ तासांच्या पुढे जायचं तर गाडीचे आणि मंजुरीचे नियम आणखी कडक होतात. म्हणून या वाटेवर प्रत्येक अर्धा तास मोलाचा.

भरायचा क्रम उतरवायच्या क्रमाच्या उलटा. वाटेत तीन शेतांवर उतरवायचं असेल तर शेवटच्या शेताची कोकरं सगळ्यात आधी आत, पुढच्या कप्प्यात. पहिल्या शेताची फाळक्यापाशी. खालचे मजले आधी रिकामे होणार आणि वरचे भरलेले राहणार असा क्रम लागत असेल तर तो मोडून पुन्हा मांडावा, मग धक्क्यावर कितीही गाड्या खोळंबल्या तरी चालेल. फाटकांच्या खिळी दोन्ही बाजूंनी बसल्यात का, हे हाताने ओढून बघायचं. फाळका वर, त्याच्या दोन्ही कड्या, सुरक्षेची पिन. मग निघायचं ते सावकाश, पहिली काही मैलं जनावरांना पाय रोवू द्यायचे. बोनार ब्रिजच्या अलीकडे, रस्ता सपाट आहे तिथे पहिला थांबा. इंजिन बंद करायचं आणि झडपेला कान लावायचा. कोकरं ओरडत असतील तर ठीक आहे. एका कप्प्यातून नुसती धडपड ऐकू येत असेल, तर टॉर्च घेऊन आत.